शनवार तेल्यांची वंशावळ

१९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या रस्त्यावर काही माणसे ठाण मांडून बसली होती. पुरुषांच्या डोक्यावर प्रार्थनेची टोपी होती आणि बायका साड्या नेसून आल्या होत्या. आडनावे विचारली असती तर पेणकर, रोहेकर, नागावकर, दिवेकर अशी कोकणातली गावेच ऐकू आली असती. या लोकांनी स्वखुशीने देश सोडला होता. शेकडो वर्षे ज्या भूमीचे नाव प्रार्थनेत घेतले, तिथे ते पोचलेही होते. आता मात्र तिथल्या प्रमुख धर्मगुरूंच्या कचेरीला त्यांना एकच गोष्ट पटवून द्यायची होती, की आम्हीही यहुदीच आहोत, इतरांइतकेच.

बेने इस्राएल समाजाची ही लढाई आज महाराष्ट्रात फारशी कुणाला आठवत नाही. इस्राएलमध्येही ती मोठ्या युद्धांच्या आणि मोठ्या नेत्यांच्या इतिहासात एका परिच्छेदात उरकली जाते. पण धर्म, राष्ट्र आणि भूमी यांची गाठ त्या देशात कशी बसली आहे, हे समजून घ्यायला या छोट्या समाजाची गोष्ट फार उपयोगी पडते.

ती सुरू होते अलिबागजवळच्या नवगावला. समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी इथल्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना किनाऱ्यावरच पुरले, पुरुषांना एका ठिकाणी आणि स्त्रियांना दुसऱ्या. नवगावची ही जागा आजही दाखवली जाते. धर्मग्रंथ समुद्रात गेले, भाषा पुढे विसरली गेली. उरले ते मुलांची सुंता, शनिवारची विश्रांती, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना. घाण्याचे काम करणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना शनवार तेली म्हटले. शेजाऱ्यांना एवढी ओळख पुरेशी होती.

सणांना त्यांनी मराठी नावे दिली. नववर्षाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या उपासाला दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो दारफाळणीचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या शोकाच्या दिवसांत मांस वर्ज्य करून वालाचे बिरडे खायचे, म्हणून बिरड्याचा सण. हजारो मैलांवरच्या पडलेल्या मंदिराचे दुःख वालाच्या दाण्यात जपून ठेवणाऱ्या या लोकांना परंपरेपासून तुटलेले म्हणणे किती कठीण आहे! हिब्रू शिकवणारे, धर्मग्रंथाची ओळख करून देणारे लोक त्यांच्यात नंतर आले. १७९६मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनालय बांधले. ‘शाअर हारहमीम’ हे त्याचे हिब्रू नाव. लोकांच्या तोंडी मात्र ती जुनी मशीदच राहिली.

आपल्याच धर्मबंधूंकडून शंका घेतली जाण्याचा पहिला अनुभव त्यांना मुंबईतच आला. बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांच्या मोजणीत बेने इस्राएल माणसाला धरायला कचरत. तो घाव जुना होता, पण तो एका गटाने दुसऱ्या गटाला दिलेला होता. त्यामागे कायदा नव्हता.

भारतात या समाजाचा धर्मावरून छळ झाला नाही, आणि हे समाज आजही आवर्जून सांगतो. रेल्वे, टपाल, जकात, लष्कर, इस्पितळे अशा नोकऱ्यांत तो स्थिरावला होता. डॉ. ई. मोझेस १९३७मध्ये मुंबईचे महापौर झाले. मग जायचे कशाला? कारणे गुंतलेली होती. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचे काय होणार ही काळजी होती. फाळणीच्या दंगली डोळ्यांसमोर होत्या. आणि त्यांच्या जोडीला खरी, मनापासूनची धार्मिक ओढ होती. युरोपातल्या झायोनिझमचा, म्हणजे यहुद्यांच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीचा, जन्म वंशद्वेषातून, आणि पुढे त्याची तातडी नाझींच्या संहारातून आली. कोकणातल्या माणसाने तसला द्वेष पाहिलाच नव्हता. त्याला जायचे होते ते प्रार्थनेतल्या जेरुसलेमला.

तो पोचला तेव्हा त्या राष्ट्राने धर्माशी एक करार आधीच करून ठेवला होता. १९ जून १९४७ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे यहुद्यांची एकजूट दिसावी म्हणून, पुढे इस्राएलचे पहिले पंतप्रधान झालेले डेव्हिड बेन गुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अगुदात इस्राएल’ या कर्मठ पक्षाला पत्र लिहिले. होऊ घातलेल्या राज्यात शनिवार हा सुट्टीचा दिवस असेल, सरकारी स्वयंपाकघरात धर्मसंमत अन्न शिजेल, धार्मिक शाळांना स्वायत्तता राहील आणि विवाहाच्या बाबतीत धर्मनिष्ठांची गरज भागवली जाईल, असे त्यात होते. बेन गुरियन स्वतः धार्मिक नव्हते. १४ मे १९४८च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही देवाचा उल्लेख करायचा की नाही यावर वाद झाला आणि शेवटी ‘इस्राएलचा खडक’ हा दोघांनाही चालेल असा शब्द घातला गेला. १९५०च्या परतीच्या कायद्याने जगातल्या प्रत्येक यहुद्याला तिथे येण्याचा हक्क दिला, पण यहुदी म्हणजे कोण हे त्या कायद्यात लिहिलेच नाही. १९५३च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह आणि घटस्फोट धर्मन्यायालयांच्या हाती दिले. तुर्की अमलापासून चालत आलेलीच ही पद्धत होती. मुसलमान आणि ख्रिस्ती नागरिकांचीही आपापली धर्मन्यायालये होती. नोंदणी विवाहाची वाट मात्र कुणालाच नव्हती.

म्हणजे दारे दोन होती. देशात घेणारे दार राज्याचे, संसार मांडू देणारे दार धर्मपीठाचे. बेने इस्राएल पहिल्या दारातून आत आले आणि दुसऱ्यापाशी अडले.

त्याआधी पावाचा प्रसंग घडला. सुरुवातीच्या काही कुटुंबांना नेगेव वाळवंटाच्या तोंडावरच्या बीरशेबाला नेले होते. तिथे रंगावरून भेद होतो, गोऱ्यांना पांढरा पाव आणि आपल्याला काळा मिळतो, कामे आणि घरेही तशीच, अशी त्यांची तक्रार होती. १९५१च्या अखेरीस त्यांनी तेल अवीवमध्ये ज्युइश एजन्सी या स्थलांतरितांना वसवणाऱ्या संस्थेच्या दारात धरणे धरले, उपोषण केले. मागणी साधी होती : आम्हाला मुंबईला परत पाठवा. १९५२मध्ये शंभरावर लोकांना विमानाने खरोखरच परत आणले गेले. मुंबईत उतरल्यावर त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा इस्राएललाच जावेसे वाटू लागले आणि कालांतराने ते गेलेही. आज वाचताना हा प्रकार चंचलपणाचा वाटू शकतो. पण त्यांचा राग त्या भूमीवर नव्हताच. अपमान झाला होता, एवढेच.

लग्नाचा प्रश्न मात्र पावासारखा एका पिढीत विसरण्याजोगा नव्हता. धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटासाठी ‘गेट’ नावाचे लेखी पत्र लागते. निपुत्रिक विधवेला दुसरे लग्न करायचे तर दिराकडून आधी विधिपूर्वक मोकळीक घ्यावी लागते. हे न करता बाईने पुन्हा लग्न केले तर ते शास्त्राला मान्य नाही. त्यातही पहिला नवरा ‘गेट’ न देताच सुटला असेल, तर दुसऱ्या संसारातली मुले ‘मामझेर’ ठरतात. हा डाग पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि अशा माणसाला इतर यहुद्यांशी लग्न करता येत नाही. काही धर्मगुरूंचे म्हणणे असे, की कोकणात शतकानुशतके हे विधी माहीतच नव्हते, तेव्हा कुणाच्या रक्तात काय असेल कोण जाणे. समाजाचे उत्तर शेजारच्या घरांकडे बोट दाखवणारे होते. कोकणात घटस्फोट होतच नसत आणि विधवेचे दुसरे लग्नही रीतीत नव्हते. मग विधी चुकणार कुठे? ज्या रूढीने विधवांवर अन्याय केला, तिच्याच आधाराने आपली शुद्धता सिद्ध करण्याची वेळ या माणसांवर आली.

ऑक्टोबर १९६१मध्ये प्रमुख धर्मपीठाच्या परिषदेने बेने इस्राएलांशी लग्नाला मुळात हरकत नाही असे ठरवले. सगळ्यांना हायसे वाटले, पण ते काही महिनेच टिकले. १९६२च्या सुरुवातीला प्रमुख धर्मगुरू यित्झाक निस्सीम यांच्या कचेरीतून विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या. बेने इस्राएल वधू किंवा वराच्या आईची, आजीची, पणजीची आणि त्याहून मागे जाता येईल तितकी चौकशी करा. घराण्यात परधर्मीय आल्याचे दिसले तर शुद्धिस्नान आणि धर्मप्रवेश. घटस्फोटाची शंका आली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे.

त्या टेबलासमोरच्या मुलीची अवस्था डोळ्यांसमोर आणून पाहावी. तिला आजीचे नाव माहीत आहे. पणजी रोह्याची की पेणची हे कुणीतरी बोलता बोलता सांगितलेले. पणजीची आई म्हणजे नुसतीच म्हातारी आई, तिचे नाव कुठल्या कागदावर नाही. कोकणातल्या तेल्याच्या बायकोचा विवाहदाखला कोण ठेवणार होते? शेजारच्या टेबलावर पोलंडहून आलेल्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारत नव्हते, आणि त्याच्याही पणजीचे कागद तिकडे जळून गेलेले होते.

मोर्चे निघाले, निवेदने गेली, आणि १९६४मध्ये जेरुसलेमला ते धरणे सुरू झाले. वर्तमानपत्रांनी उचलून धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी सुट्टीत असलेली संसद, म्हणजे क्नेसेट, खास बोलावली गेली. लेव्ही एश्कोल पंतप्रधान होते. बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत कोणताही भेद नाही आणि लग्नाच्या बाबतीतही त्यांचे हक्क समान आहेत, असे सरकारने म्हटले आणि धर्मपीठाने लोकभावना लक्षात घ्यावी असेही सांगितले. दोनच आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, धर्मपीठाने सूचनांतून ‘बेने इस्राएल’ हे शब्द काढले. त्या जागी आले, ज्याच्या घराण्याविषयी शंका असेल असा कुणीही.

समाज जिंकला, आणि खऱ्या अर्थाने जिंकला. पण शंका घेण्याचा अधिकार धर्मपीठाकडेच राहिला. पुढे इथिओपियाचे यहुदी आले, सोव्हिएत संघ कोसळल्यावर लाखो रशियन आले. आजोबा यहुदी म्हणून राज्याने नागरिकत्व दिलेल्या, पण आई यहुदी नाही म्हणून लग्नाला अपात्र ठरलेल्या अशा माणसांची संख्या आज लाखांत आहे. ती सायप्रसला जाऊन लग्न करून येतात.

यहुदी कोण हे ठरवण्याचे काम मंत्रिमंडळात आणि न्यायालयांतही चालू होते. १९५८मध्ये यहुदी कोणाला म्हणायचे यावर मंत्रिमंडळ मोडायची वेळ आली, तेव्हा बेन गुरियन यांनी जगभरच्या सुमारे ५० यहुदी विद्वानांना पत्र लिहून मत विचारले. १९६२मध्ये नाझींपासून अनेकांचे प्राण वाचवणारे आणि पुढे कॅथलिक साधू झालेले ब्रदर डॅनिएल यांना यहुदी म्हणून नागरिकत्व देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. १९७०मध्ये नौदल अधिकारी बेन्यामिन शालित यांच्या मुलांची राष्ट्रीयता यहुदी म्हणून नोंदवावी असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. मुलांची आई यहुदी नव्हती. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. यहुदी म्हणजे यहुदी आईचे मूल किंवा धर्मांतरित. पण परतीचा हक्क मात्र नातवापर्यंत. राष्ट्राची व्याख्या रुंद आणि धर्माची अरुंद अशी तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत.

या साऱ्या वादात एक माणूस हजर नव्हता, आणि त्याच्याशिवाय ही हकिकत सांगणे अप्रामाणिक होईल. बेने इस्राएल कुटुंबे वसली ती बीरशेबा, दिमोना, अश्दोद, रामला, लोद या गावांत. यांपैकी लोद आणि रामला ही जुलै १९४८पर्यंत भरलेली अरब शहरे होती. इस्राएली फौजेने ती घेतल्यावर ५० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी रहिवाशांना बाहेर काढले गेले. ऐन उन्हाळ्यात पायी निघालेल्या त्या लोकांतले किती तरी वाटेत दगावले. १९५०च्या ‘अनुपस्थितांच्या मालमत्ते’च्या कायद्याने त्यांची घरे राज्याच्या ताब्यात गेली. त्या शहरांत मग बगदादहून, मोरोक्कोहून, स्वतः घरे गमावून आलेले यहुदी राहायला आले. आणि मुंबईहून आलेलेही. कोकणातल्या माणसाने कुणाला हाकलले नव्हते. त्याला राहायला जिथे सांगितले तिथे तो राहिला. पण पणजीच्या पुराव्यासाठी अडवलेला हा माणूस ज्या गावात राहत होता, तिथल्या जुन्या रहिवाशाकडे घराची किल्ली आणि जमिनीचे कागद दोन्ही असूनही त्याला परत येता येत नव्हते. बेने इस्राएलांच्या लढ्याविषयी आदराने लिहिणारेसुद्धा ही गोष्ट सहसा गाळतात.

१९ जुलै २०१८ रोजी इस्राएलच्या संसदेने ६२ विरुद्ध ५५ मतांनी राष्ट्र-राज्याचा मूलभूत कायदा संमत केला. त्या भूमीत राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त यहुदी लोकांचा, असे त्यात लिहिले आहे. अरबी भाषेचा राजभाषेचा दर्जाही गेला. मे २०२१मध्ये लोदच्या रस्त्यांवर अरब आणि यहुदी शेजारी एकमेकांवर उठले. प्रार्थनालये आणि गाड्या जळाल्या, दोन्हीकडची माणसे मेली, आणि सरकारला त्या शहरात आणीबाणी पुकारावी लागली. ऑक्टोबर २०२३चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचा गाझाचा विध्वंस यांनी तर बोलण्याची जागाच उरू दिली नाही.

इस्राएलमध्ये आज भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार यहुदी राहतात. त्यांच्यातल्या जुन्या मंडळींनी तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. नातवंडांची भाषा हिब्रू आहे. भारतात २०११च्या जनगणनेत यहुदी उरले होते ४,६५०. महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

हिब्रू बोलणाऱ्या नातवंडांच्या घरीही लग्न ठरले, बाळ झाले, नवे घर घेतले की मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत खोवलेले ओले खोबरे, साखर, वेलची कालवायची, ताटात ढीग रचायचा, भोवती फळे मांडायची आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घ्यायचे. जगातल्या इतर कुठल्याही यहुद्यांत हा विधी नाही. एलियाहूचा रथ आकाशात उडाला तेव्हा त्याची खूण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर उमटली, अशी समाजाची श्रद्धा आहे. बायबल मात्र ही घटना जॉर्डन नदीपाशी घडल्याचे सांगते. ती नदी आता त्यांच्या घरापासून फार लांब नाही. तरीही लोद आणि अश्दोदहून माणसे नवस फेडायला मुंबईला उतरतात, अलिबागच्या इस्राएल आळीतल्या ‘मागेन अबोथ’मध्ये मेणबत्ती लावतात आणि खंडाळ्याच्या खडकापुढे मलिद्याचे ताट मांडतात.