घर पाहावं बांधून

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. लग्नाचं राहू द्या, त्याला अजून अवकाश आहे! पण आर्किटेक्चरला पाच वर्षं घालवणारी मंडळी खरंच कधी घर बांधून पाहतात का? आपल्याला दिसतं ते एवढंच : रात्रभर जळणारा दिवा, फेव्हिकॉलचा वास, खोलीभर पुठ्ठ्याचे तुकडे आणि सबमिशनच्या दिवशी तारवटलेले डोळे. मी पडलो सिव्हिलचा. यांचं सगळं कागदावरच, असा माझा पक्का समज होता. गेल्या दिवाळीत तो आमच्याच घरात मोडला.

आमचं गाव ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. आजोबांच्या वेळचं पाच खणांचं माळवद अजून उभं आहे. खण म्हणजे लाकडी खांबांमधला गाळा; आमच्याकडं घर खणांवर मोजतात. खांबांवर तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. बाहेरच्या भिंती दगड-मातीच्या. शाळेतला एक मित्र आता आर्किटेक्चरला आहे. त्यांच्या सहा जणांच्या गटाला ‘मेजर्ड ड्रॉइंग’साठी जुनी वास्तू हवी होती. म्हटलं, चला आमच्याकडं, आजीच्या हातचं जेवणही मिळेल.

मेजर्ड ड्रॉइंग म्हणजे उभी असलेली इमारत इंचाइंचानं मोजून कागदावर उतरवणं. ऐकायला सोपं वाटतं, पण एकट्याच्या हातून ते होत नाही. एक जण टेपचं शून्य धरतो, दुसरा आकडा मोठ्यानं वाचतो, तिसरा तो लिहून परत मोठ्यानं म्हणतो. तुकड्यातुकड्यानं मोजायचं नाही, कारण चुका एकमेकींत मिसळत जातात. एकाच शून्यापासून पुढंपुढं वाचत जायचं. खोली काटकोनात आहे का ते कर्ण मोजून बघायचं. बारा बाय नऊची खोली असेल तर दोन्ही कर्ण पंधरा फूट भरले पाहिजेत. गवंडी ‘तीन-चार-पाच’ म्हणतात ते हेच, आणि आपण नववीत पाठ केलेला पायथागोरसही हाच!

संध्याकाळी ड्रॉइंग काढायला बसले तर मेळ बसेना. आतलं माप अधिक भिंतींची जाडी, ही बेरीज बाहेरच्या मापाइतकी यायला हवी. मागच्या भिंतीपाशी पाच इंचांचा फरक. झालं! टेप वाचणाऱ्यावर सगळे तुटून पडले. सकाळी पुन्हा मोजलं, पुन्हा पाच इंच. मग एकीनं माळवदावरून ओळंबा सोडला. दोरी वर आणि खाली भिंतीपासून लांब, मध्ये मात्र भिंतीला टेकलेली. चूक टेपची नव्हती. दाराच्या चौकटीपाशी जाडी अडीच फूट भरली म्हणून सगळीकडं अडीच धरली होती, आणि भिंत मध्येच बाहेर फुगली होती. शेजारचे गवंडीमामा आले, भिंतीवर थाप मारून म्हणाले, “पोट सुटलंय भितीला. वरनं चिरेबंदी दिसती, आत नुस्ता भराव हाय.”

मित्रांनो, इथं खरा अभ्यास सुरू झाला. अशी भिंत एक नसते, दोन असतात. आतून एक दगडी थर, बाहेरून एक आणि मध्ये माती-खड्यांचा भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर पाणी मुरून, वजन पडून ते एकमेकांपासून सुटतात. अडीच फुटांची जाडी बघून आपण समजतो भिंत भक्कम. उलट, आयएस १३८२८ हे १९९३ चं मानक दगडी भिंत ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फुटापेक्षा जाड नको म्हणतं आणि दर ६०० मिलिमीटर उंचीला, जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरानं आरपार दगड मागतं.

वरच्या मातीचा हिशोब माझ्याकडं आला. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, माळवदावर पांढरी माती टाकायची रीत. जुनी कोण काढणार? थरावर थर चढत जातो. आमच्याकडं तो दोन फूट भरला. एका चौरस मीटरवर दोन फूट माती म्हणजे सुमारे एक टन! पाच इंची आरसीसी स्लॅब तीनशे किलोच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ-दहा टन माती. माळवदाच्या काळजीपोटी टाकलेलीच ही माती.

आकडा ऐकून आजी गप्प झाली. मग म्हणाली, “किल्लारीच्या वक्ताला इथं भांडी वाजली हुती. म्हयनाभर अंगणात निजलो आमी.” ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप सहाच्या थोडाच वर होता. माणसं मेली ती मुख्यतः अशा भिंतींखाली आणि अशा मातीखाली. काही घरांत तर लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या आत कोसळल्या. पुढं सुमारे पन्नास गावं नव्या जागी वसवली गेली. पण जी घरं तेव्हा पडली नाहीत, ती कुणी बघितली? आजीची खाट त्याच फुगलेल्या भिंतीला लागून होती. पहिलं काम आम्ही केलं ते खाट हलवायचं.

नंतर पोरांनी परसात कमरेएवढी भिंत बांधून बघितली, मामांच्या हाताखाली. अर्धी आरपार दगड घालून, अर्धी न घालता. मग खांद्यानं ढकलली. बिनआरपार बाजू पहिल्या धक्क्यालाच उकलली. दुसरीला तिघं लागले. हा काही लॅबमधला प्रयोग नव्हे, पण ते दृश्य एकही जण विसरणार नाही.

अशा शिकण्याला जगात मोठी परंपरा आहे. किल्लारी झाली त्याच १९९३ साली अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन प्राध्यापकांनी ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. विद्यार्थी गरीब खेड्यात जाऊन राहतात, घरमालकाशी बोलतात, गटानं आराखडा करतात आणि स्वतःच्या हातानं बांधतात. १९९४ साली पुऱ्या झालेल्या त्यांच्या पहिल्या घराच्या भिंती चक्क गवताच्या गठ्ठ्यांच्या होत्या! २००५ पासून त्यांनी वीस हजार डॉलरांत घर बसवायचा ध्यास घेतला. आपल्याकडेही आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची ‘नासा’ नावाची देशव्यापी संघटना १९५७ पासून आहे (रॉकेटवाली नव्हे!) आणि जुन्या वास्तूंच्या नोंदणीसाठी तिच्यात लुई कान यांच्या नावाची ट्रॉफी असते.

उन्हाळ्यात तीच पोरं परत आली. या वेळी जाणकार अभियंत्याला आधी घर दाखवलं. माळवदाची निम्म्याहून जास्त माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवली. भिंतीत एका वेळी एकच भोक, हळूहळू दगड काढत आरपार. त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट. ही कामं हौसेनं, एकट्यानं करायची नाहीत, नाहीतर आधाराच्या नावाखाली भिंत अंगावर यायची. फुगलेला तुकडा टेकू देऊन मामांनी नव्यानं रचला.

मला कळलं ते इतकंच. वजन मला काढता येत होतं, पण भिंत फुगल्याचं मी लहानपणापासून बघूनही बघितलं नव्हतं. पोरांना मापं घेता आली, पण आतला भराव मामांच्या थापेनं कळला. आणि खाट कुठं आहे, ते फक्त आजीला ठाऊक होतं. यातलं एक माणूस कमी असतं तर ड्रॉइंगमध्ये ती भिंत सरळ निघाली असती.

तेव्हा दोस्तांनो, यंदा सुट्टीत घरी गेलात की फराळाआधी एक ओळंबा घ्या. नसेल तर दोरीला नट बांधा. मागच्या भिंतीवर सोडून बघा. आणि तिच्याशेजारी कोण झोपतं, तेही विचारा.