फुकट नव्हे, हक्काचे ब्रॉडबँड!

गावात वाचनालय असावे आणि तिथे वर्तमानपत्र चाळणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत, हे आज कोणाला पटवून द्यावे लागत नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. पुढे सीमाभागात गावोगावी वाचनालये निघाली आणि मराठी माणसाची वाचनाची भूक त्यांनी भागवली. आज तशीच गरज ब्रॉडबँडची आहे. खेड्यातल्या प्रत्येक माणसाला ते गावातच, सार्वजनिक जागी आणि विनामूल्य मिळाले पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

शेताचा उतारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, सारे आता संगणकावर गेले आहे. ज्याच्या घरी सोय नाही त्याने रोजगार बुडवून तालुक्याची बस धरायची, सेंटरवाल्याला पैसे मोजायचे आणि त्याने काय भरले हे न कळता अंगठा टेकवायचा! मोबाइल घरोघरी पोहोचला हे खरे. पण २०२४ च्या जुलैत खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले, हेही तितकेच खरे. शिवाय घरात फोन एक आणि शिकणारी मुले तीन, अशी स्थिती असेल तर अभ्यास कोणी करायचा? २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा हा प्रश्न खेड्यांनी पुरता अनुभवला आहे.

‘सगळेच फुकट कसे द्यायचे?’ असा सवाल हमखास येतो. त्याचे उत्तर सरकारच्याच हिशेबात आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम ग्रामीण सेवेसाठीच्या निधीत जमा होते. हा पैसा शेवटी ग्राहकाच्याच खिशातून येतो. याच निधीतून सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर केली. आज ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. तिच्या मुदती वारंवार पुढे गेल्या आणि २०२३ साली सुधारित आराखड्याला १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. म्हणजे आम्ही दान मागत नाही. भरलेल्या पैशाचा मोबदला मागतो आहोत.

केरळने हे करायचे मनावर घेतले. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ साली इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. राज्याचे स्वतःचे फायबर जाळे ५ जून २०२३ रोजी सुरू झाले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे त्याचे उद्दिष्ट. पहिल्या टप्प्यासाठी १४० मतदारसंघांतून प्रत्येकी शंभर, अशी १४ हजार कुटुंबे ठरली. उद्दिष्टाच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण हक्क मान्य झाला, हे महत्त्वाचे.

आमच्या भागात मात्र नुसती तार येऊन भागणार नाही. खानापूर किंवा निपाणी तालुक्यातल्या मराठी शेतकऱ्यापुढे पडदा उजळला आणि त्यावरचे अक्षर त्याला लागले नाही, तर तो पुन्हा सेंटरवाल्याच्याच दारात उभा राहणार. जिथे भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर ठरलेले संरक्षण आहे. कागदाला लागू असलेले हे तत्त्व संगणकाच्या पडद्याला का लागू नसावे? यात कन्नडला विरोध नाही. कन्नड राहावी, तिच्या शेजारी मराठीही यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जागेचा प्रश्नही अवघड नाही. कर्नाटकातील ग्रामपंचायतींची ग्रंथालये २०१९ साली ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे आली. तिथे संगणक, दिवसभर चालणारी जोडणी, मराठी कळफलक आणि मराठी जाणणारा माणूस हवा. ग्रंथालय बंद झाल्यावरही आवारात वाय-फाय चालू राहावे, म्हणजे शेतातून परतलेल्याला त्याचा उपयोग होईल.

पण हे मागितल्याखेरीज मिळणार नाही. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने तसा ठराव लेखी नोंदवून घ्यावा. आपल्या पंचायतीपर्यंत फायबर आले का, आले असल्यास ते चालू आहे का, हे माहिती अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. तरुण मंडळांनी व महिला बचत गटांनी हे काम अंगावर घ्यावे. मराठी शाळेसाठी आणि मराठी फलकासाठी आपण झगडत आलोच आहोत. त्या यादीत आता ही मागणी घातली नाही, तर उद्या शाळेत मराठी शिकलेल्या आपल्याच मुलाला स्वतःच्या शेताचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल.