गुलाल उतरल्यावर पंधरा दिवस

ग्रामपंचायतीची निवडणूक एका दिवसात उरकते, पण तिची भांडणे पाच वर्षे पुरतात. घिवली घ्या, तारापूर घ्या, नाहीतर बोईसरच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या वस्त्या घ्या, चित्र सारखेच दिसते. निकाल लागतो, गुलाल उधळला जातो आणि त्याच रात्रीपासून मोबाईल तापू लागतात. पडलेला उमेदवार लिहितो, "पैसे वाटून निवडून आलात." निवडून आलेला उत्तर देतो, "जनतेने तुमची जागा दाखवली." मग दोघांचे भाचे-पुतणे मैदानात उतरतात. तहसील कचेरीला ईमेलने तक्रार जाते आणि तीच तक्रार चार शिव्या जोडून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते.

आमदार-खासदारांच्या निवडणुकीत एवढी कटुता घराघरांत शिरत नाही. ग्रामपंचायतीत ती शिरते, कारण येथे प्रत्येक मताला चेहरा असतो. पंचायतीत सदस्य सात ते सतरा. प्रभाग लहान, दोन-चार मतांनी हारजीत होते. कोणत्या घरातले मत फुटले, याचा हिशेब पडलेला माणूस बोटांवर करतो. ज्याच्यावर संशय घ्यायचा, तो त्याच नळावर पाणी भरतो आणि त्याच कंपनीत पाळीला जातो. त्यात २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे झाले की भांडणाला रोज नवे निमित्त मिळते.

बाबासाहेबांनी काय केले?

हार पचवणे सोपे नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई शहर उत्तर मतदारसंघात पराभूत झाले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा, आणि त्या मतदारसंघात बाद ठरलेली मते मात्र ७४,३३३! घटना लिहिणाऱ्या माणसावर ही वेळ आली. त्यांनी काय केले? अशोक मेहता यांच्यासह रीतसर निवडणूक अर्ज दाखल केला. अर्ज फेटाळला गेला. तरी ते थांबले नाहीत. राज्यसभेत गेले, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला पुन्हा उभे राहिले. तक्रार असेल तर ती कायद्याच्या दारात मांडायची आणि निकाल काहीही लागला तरी काम सोडायचे नाही, हा धडा त्यातून घ्यायचा.

मुदत पंधरा दिवसांची

आपल्याकडे नेमके उलटे होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निवडणुकीला आव्हान द्यायचे तर निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज उमेदवार करू शकतो, तसाच मतदारही करू शकतो. घटनेच्या कलम २४३-ओ नुसार निवडणूक अर्जाशिवाय निवडणुकीला आव्हान देता येत नाही. म्हणजे तहसीलदारांना दहा ईमेल पाठवले, तरी त्याने निवडून आलेल्याची निवड रद्द होत नाही. पण आपला माणूस पंधरा दिवस मोबाईलवर भांडतो आणि सोळाव्या दिवशी वकिलाकडे जातो. तोवर दार लागलेले असते.

काही कामे तर निकालाच्या टेबलावरच करायची असतात. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा. मते समान पडली तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो. त्यावर रुसून उपयोग नाही. २०१७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि चिठ्ठीने शाह विजयी ठरले. मुंबईत हे घडते, तर आपल्या दोनशे-तीनशे मतांच्या प्रभागात का घडणार नाही?

निवडून आलेला सदस्य मुळात अपात्र आहे, त्याचे सरकारी जागेवर अतिक्रमण आहे किंवा पंचायतीची थकबाकी आहे, असे म्हणणे असेल तर वाट वेगळी. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. जिल्हा झाल्यापासून, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासून, त्यासाठी ठाणे गाठावे लागत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. निवडणूक खर्चाचा हिशेब तीस दिवसांत द्यायचा असतो आणि तो पडलेल्या उमेदवारानेही द्यायचा असतो. भांडणाच्या नादात हे राहून गेले तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही.

मोबाईलमधला पुरावा

"माझ्याकडे व्हिडिओ आहे," असे सगळेच म्हणतात. तो कोर्टात टिकतो का? जालन्याचे प्रकरण पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाला. निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर खटला उभा राहिला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोतकरांचे अपील फेटाळले. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती! मात्र त्या निकालाने एक गोष्ट पक्की झाली. मूळ यंत्र कोर्टात हजर केले नाही, तर मोबाईल वा संगणकातल्या नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून मूळ मोबाईल जपा, मजकूर खोडू नका. नुसता स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून न्याय मिळत नाही.

लिहिण्याचे स्वातंत्र्य किती, हे पालघरकरांना वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकारानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले. पण बदनामी आणि धमकीचे कायदे आजही आहेत. रागात लिहिलेली एक ओळ नोकरीच्या पडताळणीत पोराच्या आड येऊ शकते.

जिंकणाऱ्यांनो, तुमच्यासाठी

जबाबदारी फक्त हरणाऱ्याची नाही. मत दिले नाही म्हणून एखाद्या आळीचा दिवा बंद ठेवणे, दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावणे, हा सूड झाला. पंचायत सगळ्या गावाची असते. आणि मतदानानंतर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला कोणी इतर जातीचा मारहाण करील, किंवा त्याच्यावर बहिष्कार टाकील, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २६ जानेवारी २०१६ पासून ही तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. शिवाय सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. कोणत्याही जातीच्या माणसाने त्याचा आधार घ्यावा.

या भांडणाची झळ सर्वांत जास्त घरातल्या बाईला बसते. पुरुष ग्रुपवर लिहून कामाला निघून जातात. पाण्याच्या रांगेत शेजारणीने तोंड फिरवलेले तिला सोसावे लागते. तेव्हा मायबहिणींनो, निकालाच्या रात्री घरच्या कर्त्या माणसाचा मोबाईल बाजूला ठेवा आणि त्याला एकच प्रश्न विचारा: तक्रार खरी आहे का? खरी असेल तर सकाळी कागदपत्रे घेऊन वकिलाकडे पाठवा. नसेल तर शेजारच्या घरी चहाला पाठवा. पंधरा दिवसांत यातले एक तरी व्हायलाच हवे.