पावसाळ्यात बिघडलेले श्वानाचे पोट

जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीने महाड बुडवले, तसा पूर नसला तरी दरसाल पावसाळ्यात गाळात, उकिरड्यात तोंड घालून आलेल्या कुत्र्याचे पोट बिघडले, तर त्यात नवल ते काय! जनावर प्रौढ व एरवी धडधाकट असेल, तर दहा-बारा तास अन्न तहकूब ठेवून पाणी मात्र थोडेथोडे, वरचेवर पाजावे. आणि मग आपल्या मुलखात आजाऱ्याला देतात तीच तांदळाची पेज किंवा गुरगुट्या भात, त्यात फार तर उकडलेल्या कोंबडीचे बिनहाडाचे तंतू घालून, परंतु तूप, मीठ, कांदा, लसूण यांस सक्त मनाई करून, अल्प प्रमाणात द्यावा. दुधाचा आग्रह धरणारी आजी घरोघरी असते. तिची समजूत काढणे हाच उपचारातील कठीण भाग.

हिरडी बोटाने दाबून सोडावी: दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, किंवा ती कोरडी, चिकट लागली, तर शरीरातील पाणी घटले असे समजावे. पिल्लाला उपाशी ठेवू नये. त्याला रक्तमिश्रित जुलाब झाल्यास पार्व्हो या विषाणुजन्य रोगाची, आणि कोणत्याही कुत्र्याचे डोळे पिवळसर दिसल्यास, माणसालाही जडणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून, त्याच्या मूत्रास उघडा हात न लावता, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घरच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनच्या गोळ्या स्वतःच्या अखत्यारीत देऊ नयेत. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील मंडळींनी तर, खाली उतरण्यातच निम्मा दिवस जातो हे ध्यानी धरून, सकाळीच निघावे.