सोयाबीनच्या खालच्या पेरांना शेंगा का लागत नाहीत? प्रकाशाचा रंग आणि पिकाची दाटी

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. ऑगस्टमध्ये पीक कमरेपर्यंत वाढते, हिरवेगार दिसते. पण काढणीच्या वेळी झाड उपटून पाहिले तर शेंगा वरच्या भागातच असतात आणि खालची पेरे रिकामी असतात. खत कमी पडले असे समजून पुढच्या वर्षी युरिया वाढवला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कारण दाटीचे असते. दाट पिकात खालच्या फुलांना प्रकाश कमी मिळतो आणि जो मिळतो, त्याचा रंगही बदललेला असतो.

पानांखाली प्रकाश कसा बदलतो?

पाने सूर्यप्रकाशातील निळा व लाल भाग शोषून अन्न तयार करतात. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा ‘दूर-लाल’ प्रकाश मात्र पाने फारसा शोषत नाहीत. तो पानांतून खाली जातो किंवा शेजारच्या झाडावर परततो. मोकळ्या उन्हात लाल आणि दूर-लाल प्रकाशाचे प्रमाण जवळपास सारखे असते. दाट पिकाच्या तळाशी लाल प्रकाश खूपच घटतो आणि दूर-लाल शिल्लक राहतो.

झाडातील फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा फरक ओळखते. दूर-लालचे प्रमाण वाढले की ‘शेजारी गर्दी आहे’ असा संकेत झाडाला मिळतो. मग झाड उंच होते, पेरांतील अंतर वाढते, खोड बारीक राहते, फांद्या कमी फुटतात आणि पावसा-वाऱ्यात पीक लोळते.

शेंगांवर परिणाम

सोयाबीनची निम्म्याहून अधिक फुले व कोवळ्या शेंगा एरवीही गळू शकतात. सावलीत ही गळ वाढते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९८० च्या दशकात सोयाबीनच्या फुलोऱ्यांवर स्वतंत्रपणे प्रकाश देऊन प्रयोग झाले. ज्या फुलोऱ्यांना जादा प्रकाश मिळाला, त्यांची गळ कमी झाली. म्हणजे वरच्या पानांना ऊन मिळणे पुरेसे नाही. फुलोऱ्यापर्यंतही प्रकाश पोचला पाहिजे.

बियाणे मोजून पेरा

४५ × ५ सें.मी. अंतरावर एकरी सुमारे १ लाख ७८ हजार झाडे बसतात. १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरल्यास एवढ्या झाडांसाठी २१.३ किलो बियाणे लागते. उगवणशक्तीनुसार एकरी बियाणे असे ठरते:

• उगवण ७० टक्के : सुमारे ३०.५ किलो
• उगवण ८० टक्के : सुमारे २६.५ किलो
• उगवण ९० टक्के : सुमारे २३.५ किलो

बियाणे घरचे असो वा विकतचे, ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण तपासावी. उगवण ९० टक्के असताना एकरी ३० किलो पेरले, तर शेतात सुमारे सव्वापट झाडे होतात. दाटीची सुरुवात इथूनच होते.

इतर उपाय

• फुले संगम (केडीएस ७२६) सारख्या उंच वाढणाऱ्या वाणासाठी अंतर कमी करू नये.
• रुंद सरी वरंबा पद्धतीने पेरावे. सरीमुळे पिकात प्रकाश व हवा खेळते, जादा पाणी निघून जाते आणि खंडाच्या काळात ओल टिकते.
• तुरीचे आंतरपीक ४:२ किंवा २:१ ओळींत घ्यावे.
• पीक जोमदार असताना युरियाचा वरखताचा हप्ता देऊ नये. मुळांवरील गाठी नत्र पुरवतात. जादा नत्राने पालाच वाढतो.

रात्रीचे दिवे

सोयाबीन फुलण्यासाठी रात्रीचा सलग अंधार मोजते. मध्येच प्रकाश पडला, विशेषतः त्यातील लाल भाग, तर फुलोरा लांबतो. गोठ्याचा किंवा रस्त्याचा दिवा रात्रभर शेतावर पडत असेल, तर जवळच्या ओळी काढणीलाही हिरव्या दिसतात. दिव्याचे तोंड फिरवावे किंवा वर आडोसा करावा. उघड्या शेतात शेंगा वाढवण्यासाठी रंगीत दिव्यांवर खर्च करू नये. दिवसाच्या उन्हापुढे त्यांचा प्रकाश नगण्य असतो.

आधी तपासा

फुलोऱ्यात दुपारी दोन ओळींच्या मधे वाकून पाहावे. जमिनीवर उन्हाचे कवडसे अजिबात नसतील आणि खालची पाने पिवळी पडून गळत असतील, तर दाटी जास्त आहे असे समजावे. मात्र पावसाचा खंड, चक्री भुंगा, खोडमाशी व पिवळा मोझॅक यांमुळेही शेंगा कमी लागतात. म्हणून चार-पाच झाडे उपटून खोड चिरून पाहावे आणि मगच निष्कर्ष काढावा. उभ्या पिकातील दाटी आता कमी करता येत नाही. पण प्रत्येक झाडाच्या कोणत्या पेरापासून शेंगा सुरू होतात, हे काढणीपूर्वी लिहून ठेवावे. पुढच्या पेरणीचे बियाणे ठरवताना ही नोंद उपयोगी पडेल.