आधी डमी, मग छपाई

मुलांचं पुस्तक स्वखर्चानं काढताना हजार प्रती छापून मोकळं होण्याची घाई नडते. आधी डमी करा. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. तेवढी पानं होतील इतके कोरे कागद दुमडा, पिना मारा, मजकूर आणि चित्रांच्या झेरॉक्स चिकटवा. गंमत पान उलटल्यावर कळते की आधीच फुटते, हे संगणकावर उमगत नाही.

मग ती डमी दुसऱ्या कुणाला द्या, त्यांच्या मुलांना वाचून दाखवायला. लेखक स्वतः वाचतो तेव्हा लंगडी वाक्यंही आवाजाच्या जोरावर तरून जातात. ‘आवडलं का?’ विचारू नका. मुलं भिडेखातर हो म्हणतात. वाचणारा कुठे अडखळतो, पोर कुठे चुळबुळतं, कुठल्या चित्रासाठी पानं मागे उलटतं, ते टिपा.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या लेखिकेनं ‘पीटर रॅबिट’ची गोष्ट १८९३ साली एका आजारी मुलाला पत्रातून सांगितली होती; प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ मध्ये तिनं स्वतः छापल्या त्या फक्त २५० प्रती. म्हणजे आधी एका मुलाला गोष्ट, मग मोजक्याच प्रती.

शेवटी छापखान्याकडून एक छापील प्रूफ मागवाच. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, आणि पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर मळकट उतरतो.