लहान विमानाच्या आतील भागाचे नूतनीकरण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान विमानाच्या आतील भागाचे नूतनीकरण म्हणजे सीटची कव्हरे आणि फोम, छताचे व दारांचे अस्तर, खालचा गालिचा, सुरक्षापट्टे, खिडक्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्या उतरवून त्या जागी दुरुस्त केलेले किंवा नवे साहित्य बसवणे. एका इंजिनाच्या, दोन ते सहा आसनी विमानाला हे काम अधूनमधून करावेच लागते. उन्हाने प्लास्टिक कडक होऊन तडकते, फोमचा भुगा होतो, छताचे कापड सुटून लोंबू लागते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल, कारण जिल्ह्यातून नियमित विमानसेवा नाही. प्रवासासाठी जिल्ह्यातले लोक छत्रपती संभाजीनगर, जळगाव किंवा नागपूर गाठतात. अकोल्याजवळच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी खामगावकरांना त्यातल्या त्यात जवळची. विदर्भ-खानदेशात दिसणारी लहान विमाने बहुतेक वैमानिक प्रशिक्षणाची असतात. नागपूर, गोंदिया आणि धुळे ही त्यांची ओळखीची ठिकाणे. त्यांत ‘सेसना’ कंपनीची दोन आसनी १५२ आणि चार आसनी १७२ ही विमाने सर्वपरिचित आहेत. पुढची उदाहरणे मुख्यतः याच दोन विमानांची आहेत.

गैरसमज १ : जीपच्या सीट शिवणारा कारागीर विमानाच्या सीटही शिवू शकतो.

वस्तुस्थिती : शिलाईपुरते हे खरे आहे. खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या दुकानात जीपचे कव्हर बेतणारा हात विमानाचे कव्हरही नीट बेतेल. अडचण असते ती कापड, फोम आणि चिकटवण्याचे सोल्युशन यांची. भारतात ‘व्हीटी’ या अक्षरांनी नोंदलेल्या प्रत्येक विमानाची उड्डाणयोग्यता नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, पाहते. विमानात बसणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे ती कुठून आली आणि कोणत्या कसोटीला उतरली हे सांगणारा कागद लागतो. बाजारातल्या रेक्झिनच्या गुंडाळीसोबत असा कागद येत नाही. शिवणारा कोणीही असला, तरी साहित्य मान्य आहे, बसवणी बरोबर आहे आणि विमान उडवण्यास हरकत नाही, असे लिहून सही करण्याचा अधिकार परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याला किंवा मान्यताप्राप्त देखभाल संस्थेलाच असतो.

गैरसमज २ : अस्सल चामडे सहज पेटत नाही, म्हणून त्याला कागद लागत नाही.

वस्तुस्थिती : चामडे आणि लोकर रेक्झिनपेक्षा उशिरा पेटतात, हे बरोबर. पण चामड्यावरचा रंग आणि वरचा लेप त्याचे जळणे बदलतात. शिवाय सीट म्हणजे नुसते चामडे नव्हे. त्याखाली फोम असतो, मध्ये अस्तर असते, सगळ्याला धरून ठेवणारे सोल्युशन असते. म्हणून जे थर एकत्र बसणार, ते एकत्र जाळून पाहण्याची पद्धत आहे.

मोठ्या प्रवासी विमानांसाठीची अमेरिकी कसोटी यात प्रसिद्ध आहे. कापडाची पट्टी उभी टांगून तिच्या खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर पट्टी सरासरी १५ सेकंदांच्या आत विझली पाहिजे, जळालेली लांबी ८ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि गळालेले थेंब ५ सेकंदांहून अधिक जळत राहू नयेत. लहान आणि जुन्या विमानांना त्यांच्या मूळ मान्यतेच्या काळातले सौम्य नियम लागू होतात. त्यांत पट्टी आडवी धरून आग मिनिटाला किती सरकते हे मोजतात. नियम सौम्य असला, तरी कसोटी टळत नाही.

आगरोधक द्रावणात बुडवून तयार केलेल्या कापडाची एक खोड आहे : काही द्रावणे धुण्याबरोबर निघून जातात. असे कापड धोब्याकडे दिले, की प्रमाणपत्र फाइलमध्ये राहते आणि गुण पाण्यात जातो.

गैरसमज ३ : चार-दोन किलो इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : हिशेब मांडून पाहावा. सेसना १७२ च्या ‘एस’ प्रकाराचे उड्डाणावेळचे कमाल वजन १,१५७ किलो आहे. रिकामे विमान, बसवलेल्या उपकरणांनुसार, साधारण ७६० किलो भरते. उरले ३९७. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर. विमानाचे पेट्रोल लिटरला ०.७२ किलो भरते, म्हणजे ते झाले १४४ किलो. आता माणसे आणि सामान यांच्यासाठी राहिले २५३ किलो. सत्तर किलोची चार माणसे २८० किलो होतात. सीट चार असूनही पूर्ण टाकीवर चार जण बसू शकत नाहीत. अशा विमानात जाड गालिचा, आवाज अडवणारे अस्तर आणि गुबगुबीत फोम घालून १० किलो वाढवले, तर ते १० किलो दर उड्डाणाला प्रवाशाच्या, सामानाच्या किंवा इंधनाच्या वाट्यातून वजा होतात. दोन आसनी १५२ चे कमाल वजन तर ७५७ किलोच आहे. तिथे ओढाताण आणखी.

वऱ्हाडातला उन्हाळा यात भर घालतो. बुलढाणा शहर घाटावर असल्याने तुलनेने थंड असते, पण घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा ते अकोल्यापर्यंत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ असते. अशा हवेत इंजिनाची ताकद घटते, पंखांना आधार कमी मिळतो, धावपट्टी जास्त लागते आणि विमान सावकाश वर चढते. जानेवारीत न जाणवलेले १० किलो मे महिन्याच्या दुपारी जाणवतात.

वजन किती वाढले याइतकेच ते कुठे वाढले हेही महत्त्वाचे. मागच्या सामानकप्प्यात जाड अस्तर घातले, की गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर विमान शेपटीकडे जड होते आणि वेग कमी पडून पंखांची उचल तुटल्यास सावरणे अवघड जाते. म्हणून काढलेल्या आणि बसवलेल्या प्रत्येक वस्तूचे वजन करून विमानाच्या वजन-तक्त्यात नवा हिशेब लिहितात.

गैरसमज ४ : फोम जितका मऊ, तितकी सीट चांगली.

वस्तुस्थिती : विमान जोरात आदळले, तर फार मऊ फोम आधी पूर्ण दाबला जातो. मग खालचा सांगाडा थेट कण्याला धक्का देतो. १९८८ नंतरच्या अमेरिकी नियमांनुसार नव्या लहान विमानांच्या सीट पुतळे बसवून आदळवून तपासतात. पुढच्या सीटला समोरच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या २६ पट धक्का सोसावा लागतो. अशा सीटमध्ये फोमची जाडी आणि कडकपणा हा त्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या रचनेचाच भाग असतो. उशी जाड झाली की वैमानिकाची डोळ्यांची पातळी आणि पायांचे पेडलपासूनचे अंतरही बदलते.

सुरक्षापट्ट्यांचेही असेच आहे. रंग उडालेला पट्टा पुन्हा रंगवणे किंवा ब्लीचिंग पावडरने पांढरा करणे घातक ठरते, कारण रसायनाने धागा कमजोर होतो. उन्हाने कडक झालेला किंवा कडेने उसवलेला पट्टा बदलायचाच असतो. मान्यतेची माहिती देणारे लेबल नव्या पट्ट्यावर असावे लागते.

गैरसमज ५ : सीट मागेपुढे सरकते आहे ना, मग खालचे रूळ पाहायची गरज नाही.

वस्तुस्थिती : सेसनाच्या सीट दोन समांतर रुळांवर सरकतात. रुळाला ओळीने भोके असतात आणि सीटखालची पिन त्यांपैकी एका भोकात बसून सीट अडकवते. वर्षानुवर्षांच्या वापराने गोल भोक लांबट होते, पिन झिजते, रुळाला चीर जाते. भोकात माती आणि गालिच्याचे धागे साचले तर पिन अर्धवट बसते. वरून मात्र सीट पक्की झाल्यासारखी वाटते.

पुढचा प्रसंग उड्डाणाच्या क्षणी घडतो. विमान वेग घेते, पिन निसटते, सीट धाडकन मागे जाते. वैमानिक हातातले चाक धरूनच मागे ओढला जातो, त्यामुळे विमानाचे नाक वर उठते. पाय मात्र पेडलपर्यंत पोहोचत नाहीत. अशा अपघातांनंतर अमेरिकी विमान प्रशासनाने १९८७ मध्ये या रुळांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला आणि २०११ मध्ये तो नव्याने काढला. दर १०० उड्डाण तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, रूळ, पिना आणि सीटखालची चाके पाहावी लागतात. नव्या कव्हरसाठी सीट उतरवलेलीच असते, तेव्हा हे काम करण्याइतकी सोयीची वेळ दुसरी नाही. नवा गालिचा कापताना त्याची कड रुळावर येणार नाही, हेही बघावे लागते.

गैरसमज ६ : जुने अस्तर तसेच ठेवून वरून नवे चिकटवले की काम लवकर होते.

वस्तुस्थिती : काम लवकर होते, पण नूतनीकरणाचा मोठा फायदा हातचा जातो. अस्तर आणि फळ्या काढल्यावरच विमानाचा सांगाडा, नियंत्रणाच्या तारा, त्यांच्या कप्प्या आणि विजेच्या वायरी उघड्या दिसतात. जुना फोम आणि काचलोकर पावसाळ्यातली ओल धरून ठेवतात. त्यांना टेकलेल्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसू लागते. ही गंज चढल्याची खूण असते.

उंदीर हा दुसरा शत्रू. उभ्या असलेल्या विमानात ते अस्तर कुरतडून घरटे करतात आणि वायरी सोलतात. त्यांच्या मुतानेही ॲल्युमिनियम खराब होते. कापूस-सोयाबीनची गोदामे सांभाळणाऱ्यांना उंदरांचा उपद्रव सांगायला नको. विमानात तोच उपद्रव सांगाड्यापर्यंत पोहोचतो.

गैरसमज ७ : काच पुसायच्या घरगुती फवाऱ्याने विमानाच्या खिडक्या चकचकीत होतात.

वस्तुस्थिती : लहान विमानाच्या खिडक्या बहुधा ॲक्रिलिक या प्लास्टिकच्या असतात. काचेसाठीच्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो. त्याने, तसेच पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोनने, ॲक्रिलिकमध्ये केसासारख्या बारीक चिरा पडतात. सूर्य समोर असताना या चिरा चमकतात आणि पुढचे दिसेनासे होते. योग्य रीत साधी आहे : आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग सौम्य साबणाचे पाणी हाताने फिरवावे आणि मऊ सुती कापडाने टिपावे. कोरड्या फडक्याने धूळ पुसली तर तिचे कणच ओरखडे काढतात.

गैरसमज ८ : सूचनांच्या पट्ट्या आणि होकायंत्र यांचा सजावटीशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : कमाल वजन, सामानाची मर्यादा, इंधनाचा प्रकार, वर्ज्य कसरती अशा मजकुराच्या छोट्या पट्ट्या विमानाच्या मान्यतेचा भाग असतात. अस्तराबरोबर त्या फेकल्या गेल्या, तर नव्या लावल्याशिवाय विमान उडण्यायोग्य ठरत नाही. होकायंत्राजवळ लोखंडी स्क्रू, चुंबकाची पट्टी असलेला पडदा किंवा स्पीकर बसवला तर दिशा चुकीची दिसते. तिथे बदल झाल्यास विमान वेगवेगळ्या दिशांना उभे करून होकायंत्राची चूक नव्याने मोजतात आणि त्या चुकांचा तक्ता त्याच्याजवळ लावतात.

गैरसमज ९ : अमेरिकेत मालक घरच्या घरी हे काम करतात, मग इथेही चालते.

वस्तुस्थिती : अमेरिकेत खाजगी विमानाच्या वैमानिक-मालकाला सीटच्या कव्हरची किंवा सजावटीची दुरुस्ती स्वतः करता येते. त्याला अटी आहेत : मुख्य सांगाडा किंवा नियंत्रणयंत्रणा खोलावी लागता कामा नये, साहित्य नियमात बसले पाहिजे आणि कामाची नोंद वहीत झाली पाहिजे. ती सवलत तिथे नोंदलेल्या विमानांसाठी आहे. भारतात नोंदलेल्या विमानाला डीजीसीएचे नियम लागू होतात. १ जानेवारी २०२५ पासून ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ हा १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी आला असून आता डीजीसीएचे काम त्याखाली चालते. म्हणून मालकाने कापड निवडण्यापूर्वी आपल्या देखभाल अभियंत्याला विचारणे आणि त्याने होकार दिल्यावरच गुंडाळी विकत घेणे, हा क्रम पैसे आणि वेळ दोन्ही वाचवतो.

काम संपल्यावर विमानाच्या कागदपत्रांत चार गोष्टी असाव्या लागतात : साहित्याची ज्वलन-चाचणी प्रमाणपत्रे, केलेल्या कामाची वहीतली नोंद, सुधारलेला वजन-तक्ता आणि अभियंत्याची सही असलेले सेवायोग्यतेचे प्रमाणपत्र. यांतला एकही कागद नसेल, तर आतून कितीही देखणे झालेले विमान हँगरमध्येच उभे राहते.